वाणाचे अनारसे

पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला.

हसला म्हणजे काय, हे आताच्या पोरींना समजावून सांगावं लागतं. अनारसा तुपात पडला की जागच्या जागी फुलावा, त्याला जाळी सुटावी, वरची खसखस जिथल्या तिथे राहावी. तसं न होता तो पसरला, फुटला, त्याचा कढईभर चुरा झाला, की म्हणायचं, अनारसा हसला. ज्या बाईच्या कढईत हसतो तिला मात्र तोंड लपवावंसं वाटतं.

माझ्या कढईत तोवर एकही हसला नव्हता. मी तिसरीपर्यंत शिकलेली, सही करते ती पण वाकडीतिकडी, पण अनारशाच्या पिठाला बोट लावलं की सांगायचे, याला अजून दोन दिवस मुरू द्या. बार्शीत आमच्या आळीतल्या बायका बरणी घेऊन यायच्या, "द्वारकाबाई, जरा हात लावा." मी हात लावायचे, आणि वर चार शब्दही ऐकवायचे. फुकट का म्हणून लावू.

"कमल," मी सुनेला म्हटलं, "आच बारीक कर."

"बारीकच आहे अक्का."

"मग मोठी कर."

तिने स्टोला पंप मारला. मी दुसरा सोडला. तो पहिल्यापेक्षा लवकर फुटला. तिसरा तर झाऱ्याने तूप उडवायच्या आतच गेला. मी कढईकडे बघत बसले. तांदूळ जुना, मीच निवडलेला. तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं. सावलीत पंचावर पसरून, दमट असतानाच उखळात कांडला, वस्त्रगाळ केला. गूळ तोलून घातला, तांदळाच्या पिठाबरोबरीने, एक चिमूट इकडे नाही की तिकडे नाही. आठ दिवस बरणीत मुरला. मग याला झालं काय?

"काय झालं अक्का?" इंदू स्वयंपाकघराच्या दारात आली.

इंदू माझी धाकटी. आदल्या वैशाखात तिला कुर्डुवाडीला दिली. नवरा रंगनाथ, कापडाचं दुकान, दुमजली घर, सासू विधवा पण कर्ती. सोयरीक मीच ठरवली, माझे मालक गेल्यावर घरात ठरवणार दुसरं कोण. आळीत कोणाच्या पोरीला एवढं घर मिळालं नव्हतं, आणि ते मी कोणाला विसरू दिलं नव्हतं.

लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. तीन वर्षांनी येणारा महिना, त्यात जावयाला नारायण मानून वाण द्यायचं. पितळेचं ताट, दिवा आणि तेहेतीस अनारसे. जाळीचेच लागतात, आणि मोजून तेहेतीस. आमच्या घरात आणखी एक रीत होती, माझ्या सासूपासून चालत आलेली. वाणाला आलेली लेक वाण घेऊनच सासरी जायची. वाण झाल्याशिवाय तिने उंबरा ओलांडायचा नाही. सोयरिकीच्या बैठकीत मी हे विहीणबाईंना, सत्यभामाबाईंना, ठासून सांगितलं होतं. त्यांनीही मान ताठ करून सांगितलं, "आमच्यात याहून कडक. वाणाशिवाय आलेली सून आम्ही घरात घेत नाही." मला तेव्हा बरं वाटलं होतं. बरोबरीचं माणूस भेटलं म्हणून.

द्वादशीला दोघं मायलेक यायचे होते. वाण घ्यायला आणि इंदूला न्यायला. आणि आज नवमी.

"काही झालं नाही," मी इंदूला म्हटलं. "पीठ जरा सैल आहे. थोडं तांदळाचं पीठ राखून ठेवलंय, ते घालते."

"आणि हा चुरा?"

"गाईला."

"गाईला कशाला? मला द्या ना." तिने वाटी पुढे केली. कमलने झाऱ्याने चुरा निथळून तिच्या वाटीत घातला. इंदू तिथेच पाटावर टेकली आणि चमच्याने खायला लागली. गरम होता, फुंकर घालायची, खायची. वाटी संपवली. मग बोटाने पुसून घेतली.

"सासरी खायला घालत नाहीत का गं तुला?" मी म्हटलं.

इंदू हसली. कमलने मान खाली घातली. मी पिठात पीठ मिसळायला घेतलं.

हे सगळं मला आता दिसतं तसं तेव्हा दिसत नव्हतं. तेव्हा माझं सगळं लक्ष बरणीत.

राखून ठेवलेल्या पिठातलं निम्मं मी मळून घातलं. हसणाऱ्या अनारशाला हा एकच उपाय, गूळ जास्त झाला तर तांदळाचं पीठ वाढवायचं, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. बरणीला फडकं बांधलं. दशमीला दुपारी परत कढई ठेवली.

पहिला हसला. दुसरा हसला.

आता मला घाम फुटला. पीठ घातल्यावर निदान घट्ट तरी व्हायला हवा होता. उलट कालच्यापेक्षा वाईट. मी तूप बदललं. स्टो बंद करून चूल पेटवली. केळ्याचा तुकडा लावून थापला, न लावता थापला. माझीच बोटं मला परकी वाटायला लागली. मनात आलं, वय झालं, हातातली चव गेली. मग वाटलं, तांदूळच फसवा निघाला. मग वाटलं, दृष्ट.

आणि नेमक्या त्याच वेळेला गोदाबाई आली.

गोदाबाई समोरच्या घरातली. तिची आणि माझी चाळीस वर्षांची चढाओढ. तिच्या चकल्या, माझे अनारसे. तोंडाने गोड बोलायचो, नजरेने एकमेकींचं पातेलं तपासायचो.

"वास सुटलाय आळीभर," ती म्हणाली, आणि सरळ कढईपाशी. "अगं बाई. हसले का?"

"चाचणीचा घाणा आहे."

"कालही चाचणीच होती म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कोणी कशाला म्हणायला पाहिजे? गाईला चुरा मिळाला नाही, पण इंदीला मिळाला. खिडकीतून दिसतं मला." ती पाटावर बसली. "जरा चाखून बघ की पीठ. गूळ वर झालाय की काय, जिभेला लगेच कळेल."

"वाणाचं पीठ चाखतात होय गोदाबाई? देवाचं आहे ते. उष्टं करून जावयापुढे ठेवू?"

"मग नको चाखूस. हसू दे."

ती गेल्यावर मी मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका उठला तरी माझं समाधान झालं नाही. मग मी कमलकडे वळले. माणसाला दुसरं कोणी सापडलं नाही की सून सापडते.

"बरणीला शिवली होतीस का?"

"हो, तुम्हीच उतरवायला सांगितली होतीत."

"तसं नाही विचारत मी. कळतंय तुला मी काय विचारतेय ते."

ती लाल झाली. "नाही अक्का. माझे दिवस पुढच्या आठवड्यात आहेत."

"मग सोवळ्याने वागलीस ना? न्हाऊन आलीस ना? तुमच्या माहेरी वैरागला काय रीत आहे मला माहीत नाही."

"न्हाऊन आले होते." ती एवढंच बोलली. कमल दोन वर्षांत माझ्यापुढे चार वाक्यांच्या वर बोलली नव्हती. मला वाटायचं, धाक आहे, चांगलं आहे.

पलीकडे इंदू वाटीतला चुरा खात होती. आज दोन वाट्या.

"पोट बिघडेल," मी ओरडले. "आठ दिवस झाले तुला येऊन, नुसती चरतेयस. आलीस तेव्हा कशी सडपातळ दिसत होतीस, शोभत होतं."

"हो अक्का," ती म्हणाली, आणि चमचा हळू केला.

एकादशीला तांदळाला हात लावायचा नाही, म्हणून बरणी तशीच. दिवसभर मला चैन पडेना. उपासाची खिचडी केली, ती खारट झाली. माझ्या मुलाने, मुरलीने, दुकानातून आल्यावर एक घास खाल्ला आणि गुपचूप पाणी प्याला. आमच्या घरात माझ्या स्वयंपाकाला कोणी काही बोलत नसे.

दुपारी इंदूच्या साड्या घडी करून ठेवाव्या म्हणून मी तिची पिशवी उघडली. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं ना. साड्यांच्या खाली वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी होती. सोडली तर आत अनारशाचा चुरा. तूप कागदाला लागून कागद पारदर्शक झालेला. त्याखाली आणखी एक पुडी, शेंगदाणे आणि गूळ. तिसरीत कोरडे पोहे.

मी इंदूला बोलावलं. "हे काय?"

तिचा चेहरा उतरला. "वाटेत खायला."

"कुर्डुवाडी काय काशी आहे? दीड तासाची वाट. आणि चोरून कशाला? मागितलं असतंस तर डबा भरून दिला असता."

"डबा नको," ती पटकन म्हणाली. "डबा दिसतो."

"दिसला तर काय होतं?"

तिने पुड्या होत्या तशा बांधल्या, साड्यांखाली सरकवल्या, आणि वरची साडी हाताने तीनतीनदा सपाट केली. मी तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी माझ्या समोर पडलेलं होतं आणि मला उचलता येत नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, पोर दोन जिवांची असेल, डोहाळे असतील, लाजत असेल. मनातल्या मनात खूश पण झाले. माणूस आपल्याला पाहिजे तेच वाचतं, माझ्यासारखं तिसरी शिकलेलं असलं तरी.

द्वादशीला उजाडता उजाडता मी न्हाऊन ओलेत्याने स्वयंपाकघरात गेले. आज शेवटची संधी. नवं पीठ करायचं तर दहा-बारा दिवस हवेत, आणि अधिक संपायला उरले होते तीन. बरणीचं फडकं सोडलं, लिंबाएवढा गोळा घेतला, खसखशीवर थापला, तुपात सोडला.

हसला.

मी घाईने झारा घालायला गेले आणि उकळतं तूप बोटावर उडालं. चटका बसला की माणूस विचार करत नाही, बोट तोंडात घालतं. मीही घातलं. बोटाला पीठ लागलेलं होतं.

गोड. नुसतं गोड. पेढ्यासारखं.

चटका विसरले. बरणीत बोट घालून परत चाखलं. वाणाचं पीठ, चाळीस वर्षांचं सोवळं, सगळं गेलं. या पिठात मी घातला होता त्याच्या जवळजवळ दीडपट गूळ होता. मी निम्मं पीठ वर घातल्यानंतरही.

मी फडताळ उघडलं. गुळाची ढेप बाहेर काढली. मी गूळ बत्त्याने फोडते. माझ्या ढेपेच्या कडा नेहमी खडबडीत, दात पडल्यासारख्या. या ढेपेचा एक कोपरा मात्र चाकूने कापल्यासारखा गुळगुळीत होता. विळीवर धरून चिरलेला.

आमच्या घरात गूळ विळीवर चिरणारी एकच बाई. मी तिला त्यावरून कितीदा बोलले होते.

कमल पाण्याची घागर घेऊन आत आली. मी ढेप हातात धरून उभी. तिने ढेप पाहिली, घागर खाली ठेवली.

"किती घातलास?"

तिने पदराला हात पुसले.

"कमल, मी विचारतेय. किती?"

"नवमीच्या आधी एकदा. मग तुम्ही पीठ घातलंत म्हणून परत एकदा."

"का?" शिव्या घालायला तोंड उघडलं होतं, पण आधी कळायला पाहिजे ना, कशासाठी. "माझी आळीत छी थू व्हावी म्हणून? दोन वर्षं बोलतेय तुला म्हणून?"

"नाही अक्का." ती भिंतीला टेकली. "वाण झालं की वन्सं जाणार. वाण झालं नाही तर जाणार नाहीत. तुम्हीच सांगता ना."

"मग सासरी जायचं नाही तर काय इथं जन्म काढायचा तिने?"

"तिथं त्यांना जेवायला घालत नाहीत."

मी तिच्याकडे बघत राहिले. कढईतला चुरा जळायला लागला होता. तिने पुढे होऊन स्टो बंद केला.

"कोठीची किल्ली त्यांच्या सासूबाईंच्या कमरेला. सकाळी एक भाकरी, संध्याकाळी एक. सगळ्यांचं झाल्यावर, आणि उरलं तर कालवण. परत मागितली तर नवऱ्यासमोर बोलतात, माहेरी उपाशी होतीस का. तुम्ही दिवाळीला डबा भरून अनारसे दिलेत. वन्संना अख्खा एक मिळाला नाही."

"इंदूने सांगितलं तुला?"

"नाही. मी विचारून काढलं. आल्या त्या दिवशी नहाणीत पाठ चोळायला गेले, तर बरगड्या मोजता येत होत्या. मग विचारलं. तरी अर्धंच सांगितलं. आणि पिठाचं त्यांना माहीत नाही. त्या मला रोज एवढंच विचारतात, वहिनी, चुरा उरला का."

"मला का नाही सांगितलंस?"

कमल पहिल्यांदा माझ्या डोळ्यांकडे बघून बोलली. "दिवाळीला त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं अक्का. मी इथंच करंज्या कातत बसले होते."

"काय सांगितलं होतं?"

"तिथं पोट भरत नाही, म्हणाल्या."

पुढचं तिने सांगायची गरजच नव्हती, मला आठवलं. मी सारण भरता भरता, वर न बघता म्हटलं होतं, "पोट भरायला दिलंय का तुला? संसार करायला दिलंय. सुनेने मागून जेवायचं असतं, मीही जेवले. खादाड पोर म्हणून माझं नाव घालवू नकोस." आणि इंदू हसली होती. परवा हसली तशीच.

तरी सांगते, त्या घटकेला मी कमलवर पुरता विश्वास ठेवला नाही. मला काही सुधरेना. एवढं दुमजली घर, दोन गडी राबतात, तिथे सुनेला दुसरी भाकरी नाही? सत्यभामाबाई माझ्या पारखीच्या. पारख चुकली म्हणायचं तर मग माझं राहिलं काय? आणि कमलने खोटं बोलावं तरी कशासाठी? एक बाजू धरली की दुसरी सुटत होती.

मग मला जे येतं ते मी केलं. राखलेलं उरलेलं सगळं पीठ बरणीत घातलं, मळलं, तासभर झाकून ठेवलं. या वेळी चाखून बघितलं. कमलला म्हटलं, "बस समोर. हलू नकोस." आणि थापायला घेतलं.

पहिला तुपात पडला आणि फुलला. जाळी अशी सुटली की आरपार दिसावं. एकामागून एक तेहेतीस झाले, एकासारखा एक, एकाचीही कड फाटली नाही. चाळणीत उभे करून निथळवले आणि डब्यात रचले. कमल समोर बसून डोळे पुसत होती, आणि मी तिला गप्प बस म्हणतही नव्हते.

साडेअकराला मायलेक आले. सत्यभामाबाईंनी जांभळं इरकल नेसलं होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो मी याआधीही पाहिला होता. तेव्हा मला वाटलं होतं, काय रुबाब आहे.

"वाण तयार ना?" त्यांनी बसता बसता विचारलं. "तीनच्या गाडीने निघू म्हणतो."

"आधी पानं वाढते," मी म्हटलं.

श्रीखंड-पुरीचा बेत होता. मी जावयाच्या शेजारी इंदूचा पाट मांडला.

"तिला कशाला आत्ता?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "ती मागून बसेल. तिला सवय आहे."

"आज लक्ष्मीनारायणाचा जोडा आहे. जोडीने बसू दे."

सगळी बसली. मी उभी राहून वाढत होते, पण डोळे एकाच पानावर. इंदूने पहिली पुरी खाल्ली, बारीक तुकडे करून, लांबवत लांबवत. कमल पुऱ्यांची परात घेऊन आली आणि तिच्या पानावर वाकली.

इंदूने आधी सासूकडे पाहिलं.

सत्यभामाबाईंनी मान हलवली नाही, डोळेसुद्धा पुरते उचलले नाहीत. नुसतं डाव्या हाताचं बोट जुडग्यावर ठेवलं. इंदूने पानावर आडवा हात धरला.

"नको वहिनी. पोट भरलं."

दोन दिवस वाट्याच्या वाट्या चुरा खाणारी पोर. एक पुरी खाऊन तिचं पोट भरलं. मी जावयाकडे पाहिलं. रंगनाथने सगळं पाहिलं होतं. तो श्रीखंडाच्या वाटीत काहीतरी पडल्यासारखा खाली बघत होता.

मी आत गेले. पाठोपाठ कमल आली. "ताट सजवू का अक्का?"

मी डबा उघडला. वरचा अनारसा उचलला. इतका सुरेख माझ्या हातून त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. दोन्ही हातांत धरून मोडला. मग दुसरा.

"अक्का, काय करताय?"

"मोज. एकही राहायला नको."

मी मोडत होते, ती मोजत होती. मोठ्या पातेल्यात चुरा पडत होता. बाहेर बायका जमायला लागल्या होत्या, आळीत कोणाकडे वाण असलं की सगळ्या बघायला येतात. गोदाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. कमलने तेहेतीस म्हटलं. मी तो चुरा पितळेच्या ताटात ओतला आणि ताट घेऊन बाहेर गेले.

"विहीणबाई," मी म्हटलं, "माझे अनारसे हसले."

चाळीस वर्षं ज्या बायका माझ्याकडे बरणी घेऊन आल्या त्या सगळ्या ताटाकडे बघत होत्या.

"हसले म्हणजे?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "मग वाण?"

"वाण नाही."

"बत्तासे द्या मग. जाळी असली म्हणजे झालं."

"बत्तासे देऊन जावयाची बोळवण करू? कुर्डुवाडीत तुमचंच नाव जाईल."

गोदाबाई पुढे झाली. तिने ताटातला एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला. हसलेल्या चुऱ्याला अशी जाळी नसते, हे आख्ख्या बार्शीत मला आणि तिला, दोघींनाच इतकं पक्कं ठाऊक. तिने तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पानावर आडवा हात ठेवून बसलेल्या इंदूकडे पाहिलं. आणि तुकडा तोंडात टाकून चावून टाकला.

"हसलेत गं बाई," ती म्हणाली. "पार हसलेत. तीन दिवस बघतेय मी, रोज हसतायत. द्वारकाबाईचा हात गेला."

सत्यभामाबाई उठल्या. "मग आता?"

"आता अधिक संपायला तीन दिवस. पीठ व्हायला बारा. पुढचा अधिक तीन वर्षांनी. वाणाशिवाय आलेली सून तुम्ही घरात घेत नाही, आणि मी पाठवत नाही. तुम्हीच बैठकीत म्हणाला होतात."

"तीन वर्षं सून माहेरी ठेवणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, द्वारकाबाईला अनारसे येत नाहीत." मी जावयाकडे वळले. आवाज चढवला नाही. "जावईबापू, तुम्हाला घर बंद नाही. दर आठवड्याला या. इंदूच्या शेजारी बसून जेवा. ज्या दिवशी ती कोणाकडे न बघता दुसरी पुरी घेईल, त्या दिवशी तुमच्याबरोबर पाठवते. वाण असो की नसो."

त्याचे कान लाल झाले. सत्यभामाबाईंना काय कळायचं ते कळलं. त्या चप्पल घालायला गेल्या तेव्हा किल्ल्या मुठीत धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. दोघं तीनच्या गाडीची वाट न बघता निघाले.

सात महिने लागले. पहिले दोन रंगनाथ फिरकला नाही. मग एका रविवारी एकटा आला, पिशवीत पेरू घेऊन, आणि अर्ध्या भाकरीवर उठला. मग येत राहिला. शेवटी त्याने दुकानाच्या वरच्या खोलीत वेगळी चूल मांडली आणि तिथल्या कोठीची किल्ली इंदूच्या हातात आणून दिली, तेव्हा मी पाठवली. आता तिची मुलं मोठी झालीत. माझ्याकडे मात्र त्यानंतर आळीतली एकही बरणी आली नाही. अजून कोणाचा अनारसा हसला की म्हणतात, द्वारकाबाईंचासुद्धा हसला होता, भर वाणाच्या दिवशी. मी ऐकून घेते. गोदाबाई होती तोवर तीही ऐकून घ्यायची, चकली मोडत.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. सगळ्या बायका गेल्या. मी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसले होते. बोटावरचा फोड आता ठणकायला लागला होता. इंदू वाटी घेऊन दारात आली. काय झालं ते तिला धड कळलं नव्हतं, विचारायचं धाडस नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली, "चुरा उरलाय का?"

कमलने ताटच पुढे ओढलं आणि वाटी भरून दिली. इंदूने एक चमचा खाल्ला आणि थांबली.

"अक्का, याला तर जाळी आहे."

"खा मुकाट्याने."

ती खायला लागली. मी कमलकडे पाहिलं. दोन वर्षांत तिला बरं असं कधी बोलले नव्हते, आणि त्या दिवशीही शब्द सापडेनात. शेवटी जे तोंडाला आलं ते म्हटलं.

"पुढच्या खेपेला गूळ विळीवर चिरू नकोस. बत्त्याने फोड. ओळखू येतं."

"बरं अक्का," ती म्हणाली, आणि इंदूच्या वाटीत आणखी एक मूठ घातली.